शिवाजी चौकापलीकडे: सोलापुरात राजाराण्यांच्या नावाचं काय काय सापडतं

सोलापुरातल्या एका शिक्षिका ताईंनी विचारलंय: "नववीच्या मुलांना प्रकल्प दिलाय, राजाच्या किंवा राणीच्या सन्मानार्थ नाव दिलेली ठिकाणं आणि वस्तू शोधा. सगळी मुलं शिवाजी चौक आणि संभाजी तलाव लिहून थांबली. आपल्याकडे आणखी काही आहे का? नाव नेमकं कोणाचं हे ठरवायचं कसं? आणि एक घरचा प्रश्न. आमच्या जुन्या खरेदीखतात 'कंबर तलाव' लिहिलंय, आता तलावाचं नाव बदललंय, तर घर विकताना काही अडेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नासाठी तुम्ही योग्य माणसाकडे आलात. मी वकील आहे, पण कोर्टापेक्षा माझा वेळ दुय्यम निबंधकाच्या आणि नगर भूमापनाच्या कार्यालयातच जास्त जातो. जुनी खरेदीखतं वाचायची, मिळकतीचा शोध अहवाल द्यायचा, हा रोजचा धंदा. नाव कोणत्या कागदावर, कोणत्या सालापासून दिसतं आणि ते कोणी घातलं, हे पाहायची सवय त्यातूनच लागली. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांनाही त्याच सवयीने उत्तर देतो.

मुलांना सगळ्यात आधी स्टेशन रोडला पाठवा. जाम मिल.

सोलापूरच्या जुन्या मोठ्या गिरण्यांची नावं एका दमात म्हणून पाहा: जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. दोन देव, एक सावकार, एक राजा आणि एक नुसतीच जुनी. यातला राजा म्हणजे जाम. गिरणीचं पूर्ण नाव जामश्री रणजितसिंहजी स्पिनिंग अँड विव्हिंग मिल्स. 'जाम' ही काठेवाडातल्या नवानगर संस्थानच्या जाडेजा राजांची पदवी. त्यांची राजधानी जामनगर. आणि हे रणजितसिंहजी म्हणजे क्रिकेटवाले रणजी. १८९६ साली मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळले आणि ६२ व नाबाद १५४ काढले, तेच.

आता साल पाहा. रणजी नवानगरच्या गादीवर बसले मार्च १९०७ मध्ये. कंपनीची नोंदणीही १९०७ चीच. नवा राजा गादीवर येतो आणि त्याच वर्षी काठेवाडापासून इतक्या लांब सोलापुरात त्याच्या नावाची कापड कंपनी उभी राहते. राजा जिवंत असताना, गादीवर असताना, दुसऱ्या कोणीतरी त्याचं नाव मानाने आपल्या उद्योगाला दिलं, याचं याहून नेटकं उदाहरण आपल्या शहरात नाही. रणजी वारले १९३३ मध्ये. रणजी करंडक सुरू झाला १९३४-३५ च्या हंगामापासून. म्हणजे अख्ख्या देशाने त्यांचं नाव करंडकावर घातलं त्याच्या पाव शतक आधी सोलापूरकर त्यांच्या नावाच्या कंपनीत पाळी करत होते. गंमत अशी की गिरणगावातल्या शंभरातल्या नव्वदांना जाम म्हणजे रणजी हे ठाऊक नसायचं, आणि त्यावाचून कोणाचं अडतही नसे. जुन्या खतांच्या चतुःसीमेत, म्हणजे मिळकतीच्या चार बाजूंच्या वर्णनात, 'पूर्वेस जाम मिलकडे जाणारा रस्ता' असं सरळ लिहिलेलं येतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे भोंगा आणि चिमणी, नवानगरचा महाराजा नव्हे. आज सूत-कापड गेलं, पण कंपनीच्या नव्या नावातही 'जामश्री' टिकून आहे.

नरसिंग गिरजीला मात्र मुलं हमखास फसतील. ते हैदराबादकडच्या गोसावी सावकारी घराण्यातलं नाव. त्या घराण्यात 'राजा' ही पदवी होती, राज्य नव्हतं. प्रकल्पात घेऊ नका, किंवा घेतलंत तर तसं स्पष्ट लिहा.

सोलापूर शहरात जुन्या काळातलं, राजाच्या नावाचं फारसं काही का सापडत नाही, हा प्रश्न मुलं विचारतील. किल्ल्यावरून निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिल्या. सोलापूर हा या दोन घराण्यांतल्या सोयरिकींत आंदणाचा मुलूख. चांदबिबीच्या लग्नातही तो होता. शेजारी अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस नवं शहर वसवून त्याला आपलं नाव दिलं. आपल्या गावाच्या वाट्याला तसं काही आलं नाही. कारण उघड आहे: नाव द्यायला गाव नवं वसवावं लागतं, आणि सोलापूर आधीच वसलेलं, सिद्धरामेश्वरांचं म्हणून ओळखलं जाणारं. आपल्याकडच्या जुन्या नावांना माणूस लागतच नव्हता. वेशीतून रस्ता जिकडे जातो ते वेशीचं नाव, म्हणून विजापूर वेस, तुळजापूर वेस. पेठा वारांच्या: मंगळवार, बुधवार, शुक्रवार. शोध अहवाल लिहिताना ही नावं मला फार बरी पडतात. वार काही कोणी ठराव करून बदलत नाही.

शहरातून बाहेर पडा, मग खरी मजा. मंगळवेढ्याच्या रस्त्याला कामती ओलांडलं की बेगमपूर, तिथे भीमा, आणि पलीकडे माचणूर, ब्रह्मपुरी. हा सगळा टापू म्हणजे औरंगजेबाची छावणी. १६९५ ते १६९९ अशी चारएक वर्षं मोगल बादशाहीचा कारभार या नदीकाठावरून चालला. माचणूरचा किल्ला त्याच वेळचा. बादशहाने ब्रह्मपुरीचं नाव बदलून 'इस्लामपुरी' केलं. फर्मानांत, अखबारांत म्हणजे दरबारी बातमीपत्रांत, तेव्हाच्या फारसी कागदांत ते नाव आहे. छावणी उठली ऑक्टोबर १६९९ मध्ये, सातारच्या मोहिमेसाठी, आणि तिच्याबरोबर ते नावही उठलं. आज त्या गावात जाऊन 'इस्लामपुरी कुठे' असं विचारलंत तर लोक तुम्हाला सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा (आताच्या ईश्वरपूरचा) रस्ता दाखवतील. ब्रह्मपुरी ब्रह्मपुरीच राहिली.

नदीच्या अलीकडचं बेगमपूर मात्र टिकलं. छावणी असताना बादशहाची एक मुलगी तिथे वारली, तिची कबर तिथे आहे, आणि गावाची ओळख त्यावरून. एकाच काळातली, समोरासमोरच्या काठांवरची दोन नावं. एक हिंदुस्थानातल्या सगळ्यात ताकदवान माणसाने हुकमाने घातलेलं आणि चार वर्षांत संपलेलं; दुसरं एका कबरीपाशी रुजलेलं आणि सव्वातीनशे वर्षं टिकून एसटीच्या पाटीवर चढलेलं. काटेकोर बोलायचं तर बेगमपूर राजाच्या नावाचं नाही, राजकन्येमुळे पडलेलं आहे. पण मी शिक्षक असतो तर मुलांची सहल इथेच नेली असती. माचणूरचं सिद्धेश्वराचं मंदिर, किल्ल्याचा बुरूज, पलीकडे बेगमपूर, सगळं एका दुपारी होतं.

हुकमाने घातलेलं नाव टिकलंच तर किती टिकतं, याचं शेजारचं उदाहरण धाराशिव. सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानचं नाव गावाला दिलं गेलं आणि उस्मानाबाद झालं. ते १९११ साली गादीवर आले, म्हणजे नाव विसाव्या शतकातलं. सरकारी कागद, रेल्वे, शाळेचे दाखले, सगळीकडे उस्मानाबाद. पण आमच्याकडे दस्ताला येणारी तिकडची म्हातारी माणसं 'आम्ही धाराशिवचे' असंच म्हणायची आणि मग कारकून 'उस्मानाबाद' लिहायचा. २०२३ मध्ये सरकारी नावही धाराशिव झालं. त्याच वेळी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. तिथे तर एका राजाचं नाव काढून दुसऱ्या राजाचं आलं, आणि तेही ज्याने ज्याला मारलं त्याचं काढून. अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. मुलांना इथे एक गोष्ट आवर्जून दाखवा: शहराचं नाव, जिल्ह्याचं नाव, रेल्वे स्टेशनचं नाव यांचे रस्ते वेगळे असतात. राज्य सरकारची अधिसूचना निघाली म्हणून स्टेशनची पाटी दुसऱ्या दिवशी बदलत नाही. त्याला केंद्राची मंजुरी, रेल्वेचे आदेश असं वेगळं चक्र आहे. उच्च न्यायालयाचं तर बघा, शहर कधीच मुंबई झालं तरी इंग्रजी नावात ते अजून 'बॉम्बे'च.

आता इंग्रजांची राणी. सोलापुरात तिच्या नावाचं ठळक काही दाखवता येत नाही, पण तिच्या सावलीतलं एक नाव आपण दिवसातून चारदा घेतो: डफरिन चौक. लेडी डफरिन ही व्हाइसरॉयची बायको, राणी नव्हे. पण १८८५ मध्ये तिने हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर आणि सुइणी मिळाव्यात म्हणून जो फंड काढला, तो राणी व्हिक्टोरियाच्या सांगण्यावरून, आणि राणी त्याची आश्रयदाती होती. त्याआधी पन्ना संस्थानच्या महाराणीने एका मिशनरी डॉक्टर बाईकरवी राणीला निरोप धाडला होता, की इथल्या बायका आजारात कशा मरतात ते तिच्या कानावर घाल. त्या फंडाच्या चळवळीतून देशभर डफरिन दवाखाने झाले. आपलं डफरिन प्रसूतिगृह त्याच नावाचं, आणि चौक दवाखान्यामुळे. कितीतरी सोलापूरकरांचा जन्म डफरिनचा, आणि ही डफरिन कोण हे त्यांनी कधी विचारलेलं नसतं.

व्हिक्टोरियाचं खुद्द नाव पाहायचं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला उतरावं. बोरीबंदरच्या त्या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. १८८७ मध्ये राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली तेव्हा तिला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव मिळालं. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ मध्ये त्यात 'महाराज'. दर्शनी भागातला राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर काढला. तरी सोलापूर स्टेशनावर गाडीला बसवायला आलेले आजोबा नातवाला सांगतात, "व्हीटीला उतर, दादरला नको." तोंडातलं नाव पुतळ्यापेक्षा जास्त काळ राहिलं.

व्हीजेटीआयचं प्रकरण मला फार आवडतं. १८८७ चीच संस्था, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आणि सुरुवातीपासून तिथे यंत्रांबरोबर कापडाचं तंत्र शिकवत, त्यामुळे आपल्यासारख्या गिरणीवाल्या गावाला ते नाव परकं नाही. १९९७ मध्ये नाव बदललं तेव्हा वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट केलं. अद्याक्षरं तीच! लेटरहेडवरची चार अक्षरं हलली नाहीत, माजी विद्यार्थ्यांच्या तोंडचं नाव हललं नाही, आणि राणी जाऊन राजमाता आली. नामांतराच्या भांडणात इतकी हुशारी क्वचित दिसते. भायखळ्याच्या बागेतही व्हिक्टोरिया गार्डन्सचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, पण मुंबईकर मराठी माणूस आधीही 'राणीची बाग' म्हणायचा आणि आताही तेच म्हणतो. परळचं केईएम हे तर किंग एडवर्ड मेमोरियल. सातवा एडवर्ड वारला १९१० मध्ये, मुंबईचं हे रुग्णालय सुरू झालं १९२६ मध्ये. सोलापूरचे पेशंट घेऊन केईएमला जाणाऱ्यांपैकी कोणी 'एडवर्डकडे चाललो' असं म्हणत नाही. अद्याक्षरांत गेलेला राजा कोणाला खुपत नाही, म्हणून तो वाचतो, असं माझं मत आहे.

नेमक्या याच कारणासाठी शिवाजी विद्यापीठाचं नाव आखूड ठेवलं, असं सांगतात. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ 'एमएस' होऊन बसलं, तसं महाराजांच्या नावाचं होऊ नये म्हणून १९६२ मध्ये कोल्हापूरला साधं 'शिवाजी विद्यापीठ' असं नाव दिलं. अलीकडे 'छत्रपती शिवाजी महाराज' असा पूर्ण उल्लेख हवा अशी मागणी झाली, तेव्हा विरोध करणाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला. मान जास्त कशात, याचं उत्तर दोन्ही बाजूंना आपापल्या परीने माहीत आहे. त्यात मी पडत नाही.

हे विद्यापीठ आपल्या विषयात आलं त्याचं कारण आहे. २००४ पर्यंत सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरलाच जोडलेली होती. मग एका जिल्ह्यासाठीचं सोलापूर विद्यापीठ झालं, आणि २०१९ मध्ये त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असं झालं. एकाच घरात पाहा: बापाच्या पदवीवर शिवाजी महाराजांचं नाव, थोरल्या मुलीच्या पदवीवर नुसतं सोलापूर, धाकट्याच्या पदवीवर अहिल्यादेवी. तिघंही त्याच कॉलेजातून, त्याच बाकांवर शिकलेले. मुलांना घरच्या घरी करता येईल असा हा उत्तम पुरावा. तीन पदव्यांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवा.

हे नाव देतानाही सिद्धेश्वर की अहिल्यादेवी यावरून शहरात चांगलीच ओढाताण झाली होती. अहिल्यादेवींचं सोलापूरशी नातं काय, असं तेव्हा विचारलं गेलं. त्यांचा जन्म १७२५ चा, करमाळ्याच्या पलीकडे जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. राज्य केलं महेश्वरहून, १७६७ ते १७९५. पण आपल्या जिल्ह्यात त्यांचा हात पाहायचा तर पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी होळकर वाडा आहेच. इंदूरला विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं. आपल्याकडे विद्यापीठ आणि आता शेजारचा अख्खा जिल्हा.

एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल, अहिल्यादेवींचा कुठे राज्याभिषेक झाला होता, होळकर तर पेशव्यांचे सुभेदार. बरोबर आहे. आणि जिजाबाई तर राजमाता, गादीवर बसलेल्या नव्हेत. माझ्या मते अहिल्यादेवींना घ्यावं, कारण अठ्ठावीस वर्षं त्यांनी प्रत्यक्ष राज्य चालवलं. जिजाबाईंना वेगळ्या रकान्यात ठेवावं. तुम्ही उलट ठरवलंत तरी चालेल, नियम आधी सांगा म्हणजे झालं.

वस्तूंकडे वळतो. तुमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या देव्हाऱ्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपया असणार. हातात घेऊन बघायला सांगा. १८७६ पर्यंतच्या नाण्यावर राणीच्या नावापुढे इंग्रजीत 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. राणीची सम्राज्ञी झाली ते साल नाण्यावरच वाचता येतं. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा; म्हणून सोनार तोळ्याच्या वजनाला हाच रुपया तागडीत टाकत. चांदी बारा भागांत अकरा. राज्य गेलं, चलनातून रुपया गेला, तरी 'राणीछाप' ही शुद्ध चांदीची खूण म्हणून सराफ कट्ट्यावर अजून बोलली जाते. त्याच्याही आधीची आपली शिवराई. महाराजांचं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. महाराजांनंतर दोन शतकं ती वेगवेगळ्या टाकसाळींत पडत राहिली. अक्षरं झिजली, वाकडी झाली, निम्मी नाण्याबाहेर गेली, पण बाजारात तिला शिवराईच म्हणत.

आता सगळ्यात मोठं उदाहरण, आणि ते तर सोलापुरातच छापलं जातं: पंचांग. दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षं आपल्या गावातून निघतं, आणि त्याच्या माथ्यावर 'शालिवाहन शके' असतं. राजाच्या नावाने चालणारी कालगणना. लग्नपत्रिकेवर, वास्तुशांतीच्या संकल्पात, सगळीकडे तो राजा हजर. हा शक इसवी सन ७८ पासूनचा. पैठणच्या शालिवाहनाने तो सुरू केला ही आपली परंपरा. अभ्यासक मात्र त्याचा उगम शक-कुषाण राजांकडे नेतात, आणि शालिवाहनाचं नाव त्याला कैक शतकांनी जोडलं गेलं असं दाखवतात. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला, भीमा-सीना संगमावर, जो जुना मराठी शिलालेख आहे, 'वाछि तो विजेया होईवा' म्हणणारा, त्यावर शके ९४० आहे, म्हणजे इसवी सन १०१८. तेव्हाही हाच शक चालू होता.

याच मुलखात एका राजाने हा शक मोडायचा प्रयत्न केलेला आहे. कल्याणीचा चालुक्य विक्रमादित्य सहावा. त्याने १०७६ मध्ये गादीवर येताच स्वतःचा 'चालुक्य विक्रम शक' चालू केला. त्याच्या काळातल्या कन्नड शिलालेखांत तो ठाकठीक दिसतो. चालुक्यांची सत्ता ओसरली तसा तोही ओसरला आणि कोरणारे पुन्हा जुन्या शकाकडे आले. शिवछत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला. तो मराठ्यांच्या कागदपत्रांत पुष्कळ वापरला गेला आणि आजही हौसेने, अभिमानाने लिहिला जातो. पण मुहूर्त काढायला पंचांग उघडलं की शालिवाहनच. ज्याने शक सुरू केलाच नसावा, त्याचं नाव देशाच्या या भागात सगळ्यात जास्त वेळा छापलं जातं!

फसवी नावं आणखी दोन-तीन सांगून ठेवतो. उजनीच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात, ते यशवंतराव चव्हाणांवरून, आणि ते मुख्यमंत्री. इंदूरजवळही यशवंतसागर आहे, तो यशवंतराव होळकर महाराजांचा. नुसतं नेटवर शोधून लिहिणारी मुलं इथे खात्रीने एकाचं दुसऱ्याला लावतील. शाहूंचंही तसंच: साताऱ्याचे थोरले शाहू छत्रपती वारले १७४९ मध्ये, कोल्हापूरचे शाहू महाराज १९२२ मध्ये. पाटीवर 'राजर्षी' असेल तर कोल्हापूरचे. ही पदवी त्यांना १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत मिळाली, म्हणजे तीही लोकांनी दिलेली. आणि अक्कलकोटला गेलात तर शहाजी, फत्तेसिंह, मालोजी ही नावं तिथल्या भोसले घराण्यात पुन्हा पुन्हा आलेली आहेत. कितवे, ते विचारल्याशिवाय लिहू नका. महापालिकेचं इंद्रभुवन अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं. इंद्र हा देवांचा राजा म्हणून कोणी ते यादीत घातलं तर मी तरी मार्क कापणार नाही.

मग ठरवायचं कसं? चौकातल्या कोनशिलेपासून सुरुवात करा. जवळ जाऊन वाचायला लावा. महाराजांचं नाव वर एका ओळीत, आणि खाली शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, अध्यक्ष, स्वागतोत्सुक, यांची नावं पंधरा ओळींत. त्या पंधरा ओळींतच आपल्याला हवी ती तारीख असते. तारीख मिळाली की महापालिकेतला ठराव शोधता येतो, कारण रस्त्याचं-चौकाचं अधिकृत नाव ठरावाशिवाय होत नाही. कोनशिलाच नसेल तर जुने नकाशे, जुनी खतं, घरातली जुनी पत्रं. पाकिटावरचा पत्ता हा फार इमानदार कागद आहे. पोस्टमनला कळेल तेच माणूस लिहितो. तारीख हाती आली की ती राजाच्या कारकिर्दीशेजारी ठेवा. जाम मिलसारखी कारकिर्दीतच पडली तर नाव देणाऱ्याचा राजाशी काय संबंध होता ते शोधा. राजा गेल्यावर शेदोनशे वर्षांनी पडली तर राजाचं चरित्र बाजूला ठेवा आणि त्या वर्षीची वर्तमानपत्रं काढा. नाव का आलं ते तिथे मिळेल.

आता तुमचं खरेदीखत. काही अडणार नाही. विजापूर रोडवरच्या कंबर तलावाला धर्मवीर संभाजी महाराजांचं नाव दिलं म्हणून तुमच्या मालकीत तसूभर फरक पडत नाही. मिळकत ओळखली जाते ती सिटी सर्व्हे नंबरावर, किंवा सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबरावर, आणि क्षेत्रफळावर. तलावाचं नाव चतुःसीमेच्या वर्णनात येतं, तिथे ते खुणेपुरतं असतं. जुन्या खतात खाडाखोड करायला कोणी सांगितलं तर अजिबात करू नका. फक्त नाव बदललंय म्हणून चूक-दुरुस्तीचा दस्त करायचीही गरज नाही. तो खर्च वाचवा.

नवा दस्त करताना मात्र दोन्ही नावं घाला. 'धर्मवीर संभाजी महाराज तलाव (पूर्वीचा कंबर तलाव)' असं एकदा लिहिलं की पुढे पन्नास वर्षांनी शोध घेणाऱ्याला जुनं खत आणि नवं खत एकाच जागेचं आहे हे लगेच कळतं. नुसतं नवं नाव लिहिलेल्या दस्तांनी पुढे वकिलांची बिलं वाढतात, हे मी धंद्याविरुद्ध जाऊन सांगतोय. मिळकत पत्रिकेवरचा नंबर, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) वरचा नंबर आणि महापालिकेच्या करपावतीवरचा पत्ता हे तिन्ही शेजारी ठेवून जुळतात का बघा. पत्त्यात नाव वेगळं असलं तर चालतं, नंबर वेगळा असला तर आधी तो निस्तरा.

मुलीच्या किंवा मुलाच्या पदवीचंही तेच. २०१९ पूर्वीच्या पदवीवर 'सोलापूर विद्यापीठ' आहे तर अर्जात तसंच लिहायचं, गुणपत्रिकेवर जे छापलंय ते, आणि कंसात आजचं नाव. परदेशी विद्यापीठाने किंवा कंपनीने विचारलं तर नामविस्ताराच्या राजपत्राची प्रत सोबत जोडायची. पदवी नव्या नावाने छापून आणायच्या मागे लागू नका.

आणि हो, बेगमपूर-माचणूरला सहल नेणार असाल तर पावसाळा टाळा. भीमेला उजनीचं पाणी सोडलेलं असलं की घाटाकडे मुलांना नेता येत नाही.